मनटोराचं बयान

या, असे जवळ सरका. मागं खांबाला टेकून बसलेल्यांनीही पुढं या. माझा आवाज आता पहिल्यासारखा लांब जात नाही, आणि आजची कथा मोठ्यानं सांगायची नाहीच. कथा सांगेन म्हटलं आहे तर सांगेनच, पण ती कुठल्या पुराणातली नाही. आपल्या रायपूरची आहे, बुढापाऱ्यातल्या याच देवळाची आहे, आणि हिच्यात जी चुकली ती बाई तुमच्यासमोर बसली आहे. रामराया ऐकतो आहे. त्याला सगळं आधीच ठाऊक आहे. तुम्हाला मात्र ठाऊक नाही.

मी, मंदाकिनी, तुमची मंदाताई, लग्न होऊन तुमसरहून इथं आले. आमचे हे रेल्वेत. घरात दोघांचं काम ते किती, म्हणून मी देवळात येऊन बसायची. नागपूरहून कुणी बुवा आले की मी पहिल्या ओळीत. त्यांचं ऐकून ऐकून, कुणाकडे रीतसर न शिकता, मी कीर्तन करायला लागले. पहिल्यांदा बायकांपुरतं, मग एकादशीला सगळ्यांसाठी. लोक म्हणायचे, मंदाताईचं आख्यान ऐकावं. ते ऐकून मला किती बरं वाटायचं हे आता सांगायला लाज वाटते.

आख्यान म्हणजे काय ते तुम्ही जाणताच. पूर्वरंगात अभंगाचा अर्थ सोडवायचा, मध्ये हार-बुक्का होतो, आणि मग उत्तररंगात कथा. पण कथा नुसती सांगून भागत नाही. शबरीनं बोरं दिली एवढ्यावर कुणाच्या डोळ्यांत पाणी येत नाही. ती बोरं तिनं कुठून वेचली, काटा कोणत्या बोटाला लागला, रामाची पावलं ऐकून ती आधी झोपडी झाडायला धावली की पाणी आणायला, हे सगळं कीर्तनकारानं आपल्या मनानं भरायचं असतं. कुणी विचारत नाही, बाई, हे कुठं लिहिलं आहे? विचारू पण नये. देव तेवढा उदार आहे. आपण त्याच्याबद्दल काहीही भरलं तरी तो सांभाळून घेतो. माणसाचं तसं नाही, हे मला कळायला हवं होतं.

मनटोरा खारून नदीच्या काठच्या एका गावाची. भाजी पिकवणाऱ्यांची जात, घरची बाडी होती. बाडी म्हणजे घरामागचा भाजीचा तुकडा. लाल भाजी, वांगी, कारली टुकनीत भरून ती पहाटे चालत निघायची. टुकनी म्हणजे बांबूची टोपली, डोक्यावरची. मोठ्या मंडीत माल विकला नाही की उरलेला घेऊन आमच्या गल्ल्यांतून ओरडत फिरायची. कीर्तन चालू असलं की पायरीवर बसायची. मराठी तिला कळत नव्हती, तरी बसायची. मग मी बाहेर आले की विचारायची, "आज काकर कथा आय दीदी?" आज कुणाची कथा? मी तिला तिच्या बोलीत थोडक्यात सांगायची आणि ती हात जोडून "हव", म्हणजे हो, म्हणायची. प्रसादाचा अर्धा पेढा तिथंच खायची, अर्धा पदराला बांधून न्यायची.

त्याच दिवसांत नवं राज्य झालं होतं. रायपूर राजधानी झालं. मंत्रालय बसलं ते एका जुन्या दवाखान्याच्या इमारतीत. जिथं माझे टॉन्सिल काढले होते तिथं आता कुणी उपसचिव बसत होते. सगळंच नवं, म्हणून नियमही नवे. मंडीच्या फाटकावर हुकूम लागला की आत येणाऱ्या प्रत्येक टुकनीवर शुल्क. आधी ते माल विकत घेणारा व्यापारी भरायचा. आता पिकवणारीनं, डोक्यावर ओझं असतानाच, फाटकावर भरायचं आणि पर्ची घ्यायची. माल विकला जावो न जावो. पर्ची नसली की टुकनी फाटकातच ठेवून घ्यायचे. वैशाखात लाल भाजी दोन तास उन्हात राहिली की ती गाईसमोर टाकायच्याच लायकीची उरते.

याच्याविरुद्ध पहिल्यांदा उभे राहिले ते धर्मपालभाऊ. अमरावतीकडचे, सिलतऱ्याच्या एका लोखंडाच्या कारखान्यात कामाला, तिथल्या युनियनमध्ये मुरलेले. देवाधर्माचं त्यांचं काही नव्हतं. देवळात येत नसत, पण देवळाच्या पायरीवर बायकांची सभा घ्यायला त्यांना संकोचही नव्हता. मला म्हणाले, "ताई, अक्षर चांगलं आहे तुमचं. तुमचा देव रागावणार नसंल तर हे अर्ज लिहून द्या." मी म्हटलं, रागावला तर मी पाहून घेईन. अशी मी त्या कामात शिरले.

मागणी एकच होती. जी स्वतः पिकवते आणि स्वतः डोक्यावरून आणते, तिच्या टुकनीला शुल्क माफ. बाकी व्यापाऱ्यांचं सरकार जाणे. आठ महिने भाऊ स्कूटरवर गावोगाव फिरले. सतरा गावं झाली. कधी मीही मागं बसून जायची. प्रत्येक बाईचं बयान घ्यायचं, आणि त्याची भाऊंची एक रीत होती. बाई जे बोलली तेच लिहायचं, एक शब्द वर नाही की खाली नाही. मग तिला मोठ्यानं वाचून दाखवायचं. ती "हव" म्हणाली तरच अंगठा. एकदा मी एका म्हातारीच्या बयानात "ढसाढसा रडले" असं लिहिलं. भाऊंनी वाचून दाखवलं. म्हातारी म्हणाली, मी कुठं रडले, मी तर शिव्या दिल्या. सगळ्याजणी हसल्या. भाऊंनी तो कागद फाडला आणि मला दुसरा दिला.  मीही बायकांबरोबर हसले.

मनटोराचं बयान मीच लिहिलं होतं. चैत्रातल्या एका सकाळी तिनं शुल्क भरलं, पर्ची घेतली, आणि ती पर्ची ओल्या भाजीत खोचली. पर्ची भिजून तिचा लगदा झाला. आत दुसऱ्यांदा तपासणी झाली, फाटकावरच्या माणसानं तिला परत आणलं आणि दुपारपर्यंत टुकनी ठेवून घेतली. भाजी सुकली. ती रिकामी टुकनी घेऊन घरी गेली. साडेतीन ओळी झाल्या. वाचून दाखवलं, हव म्हणाली, अंगठा दिला.

तिची दुसरी गोष्ट बयानात नव्हती. ती तिनं मला एकटीला सांगितली होती, कधीतरी पायरीवर, माझी लेक राधिका तापानं निजली होती तेव्हा. फार वर्षांपूर्वी तिची एक पोर गेली होती. दीड वर्षाची, तापानंच. एवढंच बोलून ती उठली आणि राधिकेसाठी दोन कारली ठेवून गेली.

२००३ साली रामनवमीच्या उत्सवात माझं कीर्तन सप्तमीला होतं. या शुल्कावर विचार करायला आमदारांची एक समिती नेमली होती आणि तिच्यापुढं आमची सुनावणी ठरली होती. समितीचे अध्यक्ष, त्यांना मराठी समजायची, त्या संध्याकाळी देवळात पाहुणे म्हणून येणार असं विश्वस्तांनी सांगितलं. धर्मपालभाऊ म्हणाले, चांगलं झालं, दोन शब्द टुकनीबद्दल बोला. दोनच शब्द म्हणाले होते ते.

मी उभी राहिले. पूर्वरंग झाला, गळ्यात हार पडला, बुक्का लागला. देऊळ पायरीपर्यंत भरलं होतं. उत्तररंगाला शबरीचंच आख्यान घेतलं होतं. बोरांच्या टोपलीवरून मी टुकनीवर आले, आणि टुकनीवरून मनटोरावर. आणि मग माझ्या तोंडून जे निघालं ते आधी ठरवलेलं नव्हतं, एवढं रामरायाच्या पायावर हात ठेवून सांगते. पण निघताना मला गोड लागत होतं, हेही त्याच पायावर हात ठेवून सांगायला हवं.

मी सांगितलं की एक आई आहे. घरी दीड वर्षाचं लेकरू तापानं फणफणलं आहे. औषधाला पैसे हवेत, म्हणून ती त्याला एकटं टाकून भाजी घेऊन मंडीत आली आहे. फाटकावर तिची टुकनी अडवली आहे. ती पाया पडते, सोडत नाहीत. सूर्य चढतो, भाजी माना टाकते, आणि तिकडे लेकरू दाराकडे पाहत आई आई करतं. दुपारी टुकनी सुटते. ती धावत घरी जाते. दार उघडं आहे आणि घरात आवाज नाही.

तबलजी थांबला. मीही थांबले. देवळात हुंदके ऐकू येत होते. अध्यक्षांनी उपरण्यानं डोळे पुसले. मी म्हटलं, त्या आईचं नाव मनटोरा. आणि गजर सुरू केला.

दोन गोष्टी होत्या, दोन्ही खऱ्या. त्यांना जोडणारा दोरा माझा होता. टुकनी आणि पोर यांच्यात चौदा वर्षांचं अंतर होतं.

मनटोरा पायरीवरच बसली होती. सगळ्या मराठीत तिला एकच शब्द कळला होता, स्वतःचं नाव. मी बाहेर आले तेव्हा तिचा चेहरा फुलला होता. विचारलं, "मोर नाव ले हव का दीदी?" मी म्हटलं, हो, घेतलं तुझं नाव, तुझ्या टुकनीची गोष्ट सांगितली. देवळात आपलं नाव घेतलं गेलं म्हणून तिनं माझ्या पायाला हात लावला. मी लावू दिला. त्या दिवशी मी तिला अख्खा पेढा दिला.

दुसऱ्या दिवशी एका हिंदी पेपरात ती गोष्ट छापून आली, नावानिशी, गावानिशी. राधिका तेव्हा नववीत होती. तिनं पेपर माझ्यासमोर धरला.

"मम्मी, ये सच में हुआ था क्या?"

"कथेत असं सांगतात, बेटा."

"लेकिन पेपर तो कथा नहीं है ना."

मी तिला म्हटलं, जा, अभ्यास कर.

तिसऱ्या दिवशी फाटकावरचा तो माणूस निलंबित झाला. अध्यक्षांचा निरोप आला की सुनावणीला त्या बाईला आणा, आम्ही तिच्या तोंडून ऐकू, आणि मग माफी द्यायला कुणाची हिंमत आहे नाही म्हणायची. आमच्या सतरा गावांत आनंद झाला. धर्मपालभाऊ मात्र संध्याकाळी घरी आले आणि दारातच उभे राहिले.

"ताई, खरं आहे का हे? हे तर बयानात नव्हतं. काहून नव्हतं?"

"पोरीचं तिनंच सांगितलं मले," मी म्हटलं.

शब्द न् शब्द खरा होता हो. धर्मपालभाऊंनी मान हलवली. माझ्यावर त्यांचा विश्वास होता. फाइल नीट लावून ठेवा म्हणाले आणि गेले.

फाइल मी लावली. दोनशे सहा बयानं होती. मनटोराचं समोर आलं तेव्हा मी ते पुन्हा वाचलं. त्यात भिजलेली पर्ची होती, सुकलेली भाजी होती, आणि पोर कुठंच नव्हती. समितीनं हे वाचलं तर, असं माझ्या मनात आलं. मी तो कागद काढला आणि माझ्या पोथीच्या पिशवीत ठेवला. देवाच्या पिशवीत. दुसरी जागा सुचली नाही.

आता तुम्ही म्हणाल, मंदाताई, अकरा दिवस होते, मनटोराला आधीच का नाही सांगितलं? रोज ठरवायची. ती यायची, टुकनी उतरवायची, आणि मी वांग्यांचा भाव विचारायची. एवढंच म्हणाले की साहेब तुला टुकनीबद्दल विचारतील, घाबरू नको.

सुनावणीच्या दिवशी आम्ही मंत्रालयाच्या व्हरांड्यात बाकावर बसलो. तिनं धुतलेलं लुगडं नेसलं होतं, पायांतले चांदीचे तोडे घासून आणले होते. धर्मपालभाऊ आत कागद द्यायला गेले. तेव्हा मी तिला सांगितलं. देवळात मी कथा कशी सांगितली ते, तिच्या बोलीत, पहिल्यापासून. टुकनी, फाटक, ताप, उघडं दार. म्हटलं, मनटोरा, तुझ्या एकटीचं काम नाही हे. सतरा गावांच्या बायकांचं शुल्क सुटेल. तू फक्त हो म्हण.

ती ऐकत होती. मला वाटलं रडेल किंवा चिडेल. तिनं एकच विचारलं.

"त मैं कहां रहेंव?"

मग मी कुठं होते, असं विचारत होती. पोर जाताना.

"फाटकावर," मी म्हटलं.

तिनं तोड्यांवरून लुगड्याचा काठ खाली ओढला आणि समोर बघत बसली. तेवढ्यात आतून नाव पुकारलं.

आत लांब टेबल होतं, कूलर घरघरत होता. समितीचे पाच जण, दोन पेपरवाले, भिंतीशी आमच्या सात-आठ गावांतल्या बायका. मी टेबलाच्या कोपऱ्यात, फाइल मांडीवर, पिशवी पायाशी. अध्यक्ष फार मायेनं बोलले. म्हणाले, "बाई, डरना नहीं. आपकी बच्ची उसी दिन गुजरी ना, जिस दिन टुकनी रोकी गई?"

मनटोरा उभी होती. तिनं माझ्याकडे पाहिलं नाही.

"टुकनी ल रोके रिहिन, वो बात सही आय साहब," ती म्हणाली. "फेर मोर नोनी मोर कोरा म गिस. मैं वोला छोड़ के कहूं नइ गे रहेंव."

टुकनी अडवली हे खरं. पण माझी पोर माझ्या मांडीवर गेली. तिला सोडून मी कुठंही गेले नव्हते. एवढं बोलून ती थांबली, आणि मग जरा हळू आवाजात पुढं सांगितलं की ती पाच दिवस बाडीतसुद्धा उतरली नव्हती, भाजी वेलीवरच पिकून गेली होती.

मला त्या क्षणी कळलं. चौदा वर्षं त्या बाईकडे त्या पोरीचं म्हणून एवढंच उरलं होतं, की शेवटी ती आपल्या मांडीवर होती. आणि मी भर देवळात, बुक्का लावून, हार घालून, तिला तिथून उठवलं होतं.

अध्यक्षांचा चेहरा बदलला. सगळ्यांसमोर डोळे पुसले होते त्यांनी, पेपरात तेही छापून आलं होतं. त्यांनी विचारलं, तर मग आधी काही वेगळं सांगितलं होतं का? कुणी शिकवलं होतं का? मनटोरानं माझं नाव घेतलं नाही. पुन्हा विचारलं. ती पायांच्या बोटांकडे बघत होती. भिंतीशी बायकांत कुजबुज सुरू झाली. धर्मपालभाऊ माझ्याकडे वळले आणि म्हणाले, "ताई, हिचं बयान काढा. अंगठ्याचं. त्यात काय आहे ते वाचा."

बयान माझ्या पायाशी होतं. हात खाली नेला असता तर बोटांना लागलं असतं. मी फाइल उघडली, कागद उलटले, पुन्हा उलटले, आणि म्हटलं, "दिसत नाही."

अध्यक्ष म्हणाले, राहू द्या तुमची फाइल तुमच्याजवळच. आणि उठले.

अहवालात आलं की तक्रारी विश्वासार्ह नाहीत, शुल्क कायम. फाटकावरचा माणूस कामावर परत आला, आणि त्याचं बरोबरच होतं, टुकनी अडवण्यापलीकडे त्यानं माझ्या कथेतलं काहीच केलं नव्हतं. बायकांनी मात्र जो अर्थ लावायचा तो लावला. साहेबाला पाहून हिची जीभ आखडली. फाटकवाल्यानं लुगडं दिलं असंल. त्या दिवशी नेसली होती ते नवंच होतं म्हणे. नवं नव्हतं ते, धुतलेलं होतं. मी शेजारी बसले होते, मला माहीत होतं. गावातून सगळ्याजणी एका रांगेत चालत यायच्या, त्या रांगेत तिला कुणी घेईनासं झालं. एकटीनं अंधारातून यायचं तरी किती दिवस? तिनं रायपूर सोडलं आणि दूरच्या एका आठवडी बाजारात बसू लागली. पायरीवर पुन्हा आली नाही.

सुनावणीच्या त्याच संध्याकाळी मी धर्मपालभाऊंना पायरीवर गाठलं आणि पिशवीतून कागद काढून दिला. सगळं सांगितलं. ते कागद वाचत राहिले, साडेतीन ओळी असून.

"तुमी उठून काहून नाही बोलल्या?" त्यांनी विचारलं.

मी पिशवीचा बंद बांधायला लागले. मग ते म्हणाले, "ठीक आहे. उद्या चला माह्यासंगं. लिहून देऊ, चूक तुमची होती म्हणून. तिचं नाव तरी सुटंल. गावात जाऊन बायकांनाही सांगू."

मी हो म्हटलं. दुसऱ्या दिवशी देवळात उत्सवाच्या हिशेबाची सभा होती. त्याच्या दुसऱ्या दिवशी यांना ताप आला. तिसऱ्या दिवशी एक विश्वस्त म्हणाले, देवळाचं नाव पेपरात आलं आहे, आता आणखी काही नको. मला निमित्तच हवं होतं. भाऊ तीन दिवस सकाळी येऊन दारात उभे राहिले. चौथ्या दिवशी आले नाहीत. मला एका शब्दानं बोलले नाहीत, कुणाला माझं नाव सांगितलं नाही, म्हणाले असतील, ज्याचं त्यानं सांगावं. ते मात्र पुन्हा पहिल्यापासून कामाला लागले. गाव, स्कूटर, बयान, वाचून दाखवणं, अंगठा. दुसरं कुणीतरी लिहायला घेतलं असेल. मी विचारलं नाही.

चार वर्षांनी टुकनीचं शुल्क सुटलं. त्या दिवशी बायका गुलाल घेऊन नाचत मंडीतून निघाल्या, बुढापाऱ्यात शिरल्या, आणि माझ्या दारात आल्या. दीदीनं पहिले अर्ज लिहिले होते, म्हणाल्या. माझ्या कपाळाला गुलाल लावला, ओटीत लाल भाजीच्या जुड्या घातल्या. मी कपाळ पुढं केलं. तोंडातून एवढंसुद्धा निघालं नाही की मनटोरा कुठं आहे.

नंतर आठ दिवसांनी मी तिच्या गावी गेले. एकटी गेले, टेम्पोनं आणि मग पायी. ती बाडीत बसून भाजीच्या जुड्या बांधत होती, तणसाच्या काडीनं. मला पाहून उठली, लोट्यात पाणी आणलं, खाट टाकली. मी खाटेवर बसले नाही, तिच्याजवळ खाली बसले आणि बोलायला लागले. खूप बोलले. कीर्तनकाराला बोलायला येतंच. ती जुड्या बांधत होती. माझं संपल्यावर तिनं विचारलं, बाकीच्यांचं शुल्क सुटलं ना? मी म्हटलं, सुटलं. म्हणाली, बरं झालं.

मी म्हटलं, आत्ता चल, तुझ्या गावातल्या बायकांना बोलव, मी सगळ्यांसमोर सांगते. तिनं हातातली जुडी खाली ठेवली.

"चार बछर होगे दीदी. अब काबर?"

चार वर्षं झाली, आता कशाला. तिच्या आवाजात राग नव्हता, थकवा होता. बाया-बापड्यांनो, मी तेवढंच धरलं. म्हटलं, तिचीच इच्छा नाही, आपण कशाला उकरा. तिनं चार वांगी दिली, ती घेतली आणि टेम्पो पकडला. तिनं नको म्हटलं नव्हतं. कशाला, असं विचारलं होतं, आणि त्याचं उत्तर मी द्यायला हवं होतं. कारण तुझं नाव मी घातलं, म्हणून. एवढं तर सोपं होतं.

त्यानंतर मी कीर्तनाला उभी राहिले नाही. तुम्ही म्हणत आलात, घसा गेला म्हणून. घसा नंतर गेला. ऐकायला बसते अजून, पहिल्या ओळीत बसते, आणि कुणी तरुण बुवा आख्यान रंगवायला लागले की डोळे भरतात, आणि मला कळत नाही ते देवासाठी की कुणासाठी.

गेल्या माघात मनटोरा गेली. मला पंधरा दिवसांनी कळलं, ते धर्मपालभाऊंकडून. आता फार म्हातारे झाले आहेत, गोल बाजारात भेटले. म्हणाले, अजून तिच्या गावात म्हणतात, ही ती बाई, जी साहेबासमोर फिरली. मग माझ्याकडे बघत उभे राहिले, सुनावणीनंतर त्या तीन सकाळी दारात उभे राहिले होते तसे. मी त्यांना नमस्कार केला आणि घरी आले, आणि आज तुम्हाला बोलावलं. उद्या राधिकेबरोबर त्या गावात जाणार आहे, जेवढ्या बायका भेटतील तेवढ्यांना सांगणार आहे. माझ्या वयाचा काय भरवसा, म्हणून तुम्हाला आधी सांगून ठेवलं.

मला माफ करा असं मी तुम्हाला म्हणत नाही. ते रामराया आणि ती, दोघं मिळून बघतील. माझं मागणं वेगळं आहे. नदीकाठच्या त्या गावांत तुमचं जाणं-येणं असतं, कुणी ना कुणी तिचा विषय काढेलच. तेव्हा सांगा की मनटोरा फिरली नव्हती. त्या खोलीत आम्ही पंधरा-वीस माणसं होतो, खरं ती एकटी बोलली. तिची आठवण ठेवा.